वंगणाखालचे खांदे

आमच्या घरी आधी बैल जेवत आणि मग आम्ही. यात माया होतीच, पण मुख्य गोष्ट अशी की बैल उभे राहिले तरच आम्ही उभे राहणार होतो. इतवारीच्या मालधक्क्यावर वॅगनमधून उतरलेली धान्याची पोती बंडीत भरायची आणि ठोक बाजारातल्या गोदामांत नेऊन टाकायची, हे माझ्या बाचं काम. बंडी म्हणजे बैलगाडी. माय त्याच धक्क्यावर सांडलेलं धान्य झाडून आणायची. खराट्याने गोळा केलेल्या त्या ढिगात ज्वारी, तूर, गहू, कोळशाची कच, सुतळीचे तुकडे, सगळं एकत्र असे. अंगणात बसून ती सूप पाखडत राही आणि जे उरे ते दळून आणी. त्या पिठाच्या भाकरीला रोज वेगळी चव असायची. दाताखाली कच आली की बा म्हणायचा, "चावून खा बाबू, रेल्वेचा माल हाये."

मी मॅट्रिकला होतो त्या वर्षी, मे महिन्यात, आमचा उजवीकडचा बैल सोसायटीवाल्याने धरला.

सोसायटी म्हणजे जनावरांवरची क्रूरता थांबवणारी संस्था. तिचं नाव इथे देत नाही. आमच्या वस्तीत तिला कोणी नावाने ओळखतही नव्हतं. खाकी कपड्यांतला, सायकलवरचा एक माणूस, एवढीच तिची ओळख. संस्था इंग्रजांच्या वेळची. आधी साहेबलोकांनी टांग्याच्या घोड्यांसाठी काढली, मग साहेब गेले आणि शहरातले वकील, व्यापारी, निवृत्त अधिकारी तिच्या कमिटीवर आले. साठ साली दिल्लीत नवा कायदा झाला, पाठोपाठ साऱ्या देशासाठी दक्षिणेत एक मंडळ बसलं आणि या जुन्या संस्थांच्या अंगात नवं बळ आलं. हे सगळं मला फार पुढे कळलं. त्या दिवशी एवढंच कळलं की आमच्या बैलाचा खांदा जुवाने सोलला होता आणि तो कायद्यात बसत नव्हता.

बैल दवाखान्यात गेला, म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या संस्थेच्या आवारात. त्याचा चारा मालकाने आणायचा असा नियम. एका बैलावर बंडी चालत नाही. मग बाने एक ठेला, म्हणजे हातगाडी, मिळवला, त्यावर तीच पोती घातली आणि गळ्यात पट्टा अडकवून स्वतः ओढू लागला. सकाळी कडबा डोक्यावर घेऊन दवाखान्यात, दिवसभर ठेला. नागपूरच्या मे महिन्यातली दुपार. एकदा तोच खाकीवाला त्याला लिंबाच्या सावलीत उभा दिसला. बाने ठेला थांबवला, सदरा बाजूला सारून खांदा दाखवला आणि म्हणाला, "साहेब, हाही खांदा सोलला हाये. मले नेता काय दवाखान्यात? सावली हाये म्हन्ते तिथं."

तो खाकीवाला काही वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "कायद्यात तुझं नाव नाही बाबा."

हा किस्सा बा पुढे कित्येक वर्षं सांगायचा. सांगताना हसायचा, ऐकणारे बंडीवालेही हसायचे. माय मात्र चुलीपाशी पाठ करून बसायची. त्या उन्हाळ्यात रात्रीची भाकरी फक्त बा आणि मी खात होतो, हे ती कधी कोणाला बोलली नाही.

बैल बरा होऊन परत आला. वस्तीने या प्रकरणातून एक धडा घेतला, आणि तो चुकीचा होता. जुवाला गादी बांधावी, ओझं कमी भरावं, असं कोणाच्या मनात आलं नाही. जखम दिसू द्यायची नाही, एवढंच ठरलं. प्रत्येक बंडीखाली चाकाच्या आसाला लावायच्या वंगणाचा डबा लटकलेला असे. खांदा सोलला की त्यातलं काळं वंगण त्यावर थापायचं. जुवाच्या घासण्याने बैलाच्या खांद्यावर काळा पट्टा असतोच, त्यात हे मिसळून जाई. वर माशी बसत नाही म्हणून ते औषधच आहे, असं सगळे एकमेकांना सांगू लागले. खाली खांदा सडत जायचा. धडधाकट दिसणारा बैल एक दिवस चालता चालता गुडघ्यांवर बसायचा आणि उठायचाच नाही.

वंगण वर्षात एकदाच निघायचं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी, खांदशेकणीला. वर्षभर जू वाहिलेला खांदा कोमट पाण्याने धुवायचा, तेल-हळद चोळायची, पळसाच्या पानांनी शेकायचा आणि बैलाच्या कानाशी म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आम्ही छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा घरातले जुने सण गेले. पोळ्याच्या तोरणाखाली आमचे बैल पुन्हा उभे राहिले नाहीत. पण खांदशेकणी बाने सोडली नाही. शेजारचा एक म्हातारा बंडीवाला होता, सगळे त्याला काकाजी म्हणत. तोंडाचा मोठा फटकळ. तो दरवर्षी हटकायचा.

"काहून गा, तुमी तं सन सोडले न? मंग हे काय करून राहिला?"

"सन सोडला काकाजी, खांदा नाही सोडला."

"आन आवतन?"

"बैलाले जेवाले बोलावाले कोन्त्या देवाची परवानगी लागते?"

काकाजी पान थुंकून म्हणायचा, "तुहा बा वकील झाला असता, पन बैलायचं नशीब आडवं आलं."

मी सकाळचं कॉलेज केलं आणि बी.ए. झालो. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. हे मी आजही मान वर करून सांगतो. निकालाच्या दिवशी बाने बैलांच्या शिंगांना तेल लावलं. पेढे वाटण्याची ऐपत नव्हती. नोकरीसाठी रेल्वे, बँक, पोस्ट, सगळीकडे अर्ज केले आणि नोकरी लागली ती नेमकी सोसायटीत. दक्षिणेच्या मंडळाचे नियम इंग्रजीत यायचे, ते वाचून अंमलात आणणारा पदवीधर इन्स्पेक्टर त्यांना हवा होता.

घरी सांगितलं तेव्हा बा बैलांना कुटार टाकत होता. हातातली टोपली त्याने खाली ठेवली नाही.

"ज्या घरात बैल धरनारा राह्यते, त्या घरात बैल ठेवाचे कसे?" एवढंच तो म्हणाला.

माय म्हणाली, "नोकरी हाये. उन्हात पोतं तं नाही उचलाचं."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघते. नको असलेलं सगळं तिच्यासोबत जावं म्हणून लोक रस्त्याने ओरडत जातात. त्या वर्षी आमच्या गल्लीतल्या पोट्ट्यांनी माझ्या दारासमोर थांबून आरोळी ठोकली, "सोसायटीवाल्याले घेऊन जा गे मारबत!" सगळ्यात मोठ्याने हसला तो काकाजी. मीही हसलो. खाकी सदरा दोरीवर वाळत होता.

लग्न झाल्यावर मी सीताबर्डीकडे भाड्याची खोली घेतली. वस्तीत रविवारी जात असे. नोकरीत जे करायचं ते करत होतो. जादा ओझं, हाकायच्या पराणीला लावलेला खिळा, ऐन उन्हाळ्यात दुपारी बारा ते तीन जुंपलेली जनावरं. मंडळाचा नियम होता की तापत्या दुपारी जनावर जुंपायचं नाही. नियम चांगला होता. पण बंडी थांबवायची कुठे, हे त्यात नव्हतं. इतवारीत सावली दुकानांची, आणि दुकानदार म्हणे पुढे घे. आमच्या वस्तीत साहेबांच्या काळात जनावरांच्या पाण्यासाठी बांधलेला दगडी हौद होता, त्यात केरकचरा. मी तो उपसून घेतला, नळ जोडून घेतला. तेवढ्याने कोणी मला आपलं मानलं नाही. मी दिसलो की बंडीवाले बैलांच्या खांद्यावर पोतं टाकायचे.

दवाखान्याच्या आवारात मी रोज एक चित्र पाहत होतो. धरून आणलेले बैल उभे, आणि त्यांचे मालक डोक्यावर पेंढी घेऊन फाटकाशी. कोणी काही दिवस यायचा आणि मग यायचा बंद व्हायचा. कुठे गेला, तर ठेला ओढायला, नाहीतर गाव सोडून. त्याचा बैल मात्र बरा होऊन, चांगला तरतरीत, तिथेच रवंथ करत बसलेला. इकडे काम नसलेला बैल आणि तिकडे बैल नसलेलं काम. मला माझा बा दिसायचा, गळ्यात पट्टा अडकवलेला.

सत्तरच्या दशकाच्या शेवटाकडचं एक वर्ष. पोळा आठवड्यावर होता. आमचे सेक्रेटरी वकील होते, वयाने मोठे, मनाने सरळ. जनावरांचे खटले ते फी न घेता चालवत. त्यांनी मला बोलावलं.

"खांदशेकणीला सगळे खांदे धुतलेले असतात ना?"

"होय साहेब."

"मग त्या संध्याकाळी पोलीस घेऊन जा. वर्षभर लपवतात ते एका दिवसात उघडं पडेल. जितके जखमी तितके जप्त."

मी म्हणालो, "साहेब, त्या दिवशी ते बैलाला जेवायचं आमंत्रण देतात. त्याच दिवशी दारातून बैल नेला तर पुढल्या वर्षी कोणी खांदा धुणार नाही. आता वर्षातून एकदा तरी वंगण निघतं. मग तेही निघणार नाही."

"मग तू काय करणार?"

मी सांगितलं. डॉक्टर बरोबर द्या, औषध द्या, आणि मालक सोडून गेलेले दोन बरे बैल द्या. जो आपल्या हाताने जखमी बैल आणील, त्याच्यावर खटला नाही. त्याचा बैल बरा होईपर्यंत त्याला आपला बैल वापरायला.

सेक्रेटरी खुर्चीत ताठ झाले. "आपण जनावरांना जुवातून सोडवतो, आणि तू म्हणतोस संस्थेने जुवाला बैल पुरवायचा? मंडळाला काय सांगू? वर्गणी देणाऱ्यांना काय सांगू?"

"साहेब, आपण एक बैल सोडवतो तेव्हा त्याचं ओझं जमिनीवर पडून राहत नाही. दुसरा कोणीतरी ते ओढतो. लपवलेल्या खांद्याचा बैल ओढतो, नाहीतर माणूस."

मग मी त्यांना ठेल्याचा किस्सा सांगितला. बा सांगायचा तसाच, खांदा दाखवण्यासकट. पण ते हसले नाहीत.

"कोणाची गोष्ट ही?"

"माझ्या वडिलांची."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "एक संध्याकाळ देतो. एक जरी मालक आपणहून आला तर कमिटीपुढे मी बोलीन. कोणीच आलं नाही, तर पुढल्या खांदशेकणीला पोलीस जातील, आणि त्यांना घेऊन तू जाशील."

मी होय म्हणालो.

त्या संध्याकाळी मी खाकी घातली नाही. डॉक्टर, औषधाची पेटी आणि दोन बैल घेऊन वस्तीतल्या हौदाशी जाऊन उभा राहिलो. उजेड होता अजून. घरोघरी पाणी तापत होतं, हळदीचा वास येत होता, बायका पळसाची पानं घेऊन बाहेर येत होत्या. दुरून ऐकू येत होतं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आम्ही दिसलो आणि आवाज एकेक करून थांबले. धुवायला घेतलेल्या खांद्यांवर पोती पडली. एकाने तर बायकोचं लुगडं बैलावर टाकलं.

मी जे सांगायचं ते मोठ्याने सांगितलं. खटला नाही, जप्ती नाही, बदली बैल आहे, डॉक्टर समोर उभे आहेत.

काकाजी पुढे आला. "आवतन द्याले आला का समन्स द्याले?"

लोक हसले.

"आवतनच आहे काकाजी."

"सोसायटीचं जेवन आमी पाह्यलं हाये गा. बैल जेवते आन मालक उपाशी राह्यते."

ते खरं होतं. डॉक्टरांनी पेटी उघडली, मिटली. सूर्य गोदामांच्या पत्र्यामागे गेला. कोणी जागचं हललं नाही. आता अंधार पडणार, आणि पुढल्या वर्षी याच जागी मी पोलिसांबरोबर उभा असणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि बा आला. एका हातात तांबड्या बैलाचा कासरा, दुसऱ्या हातात गरम पाण्याची बादली. बैल मला ओळखीचा, मागच्या दोन वर्षांपासून घरी असलेला. दर रविवारी मी त्याच्या पाठीवर थाप मारत असे. खांद्यावर नेहमीचा काळा पट्टा. बाने बैल हौदाशी उभा केला, माझ्याकडे पाहिलं नाही, आणि सगळ्यांसमोर खांदा धुवायला सुरुवात केली. वंगण थराथराने निघत होतं. बादलीतलं पाणी काळं झालं, मग तांबूस. खाली तळहाताएवढी जखम होती. जुनी, खोल गेलेली.

बाने ती माझ्यापासून लपवली होती. मी त्याचा मुलगा होतो, पण सोसायटीवालाही होतो.

डॉक्टरांनी कडेने दाबून पाहिलं. बैल कण्हला, त्याचे पुढचे पाय वाकले. "याला कधीपासून आहे हे?"

"उन्हाळ्यापासून," बा म्हणाला. "रोज लावत होतो. झाकते म्हनून लावत होतो, बरं होते म्हनून नाही. मले माहीत होतं."

"महिने लागतील. आणि तुम्हाला खरं सांगतो, हा परत जुवाखाली येईल असं वाटत नाही."

बाने मान हलवली. बैलाच्या मानेवरून हात फिरवला. मग माझ्याकडे वळला. त्याने मला नावाने हाक मारली नाही.

"इन्स्पेक्टर साहेब, तुमचा तो बदली बैल पाहाले आनला का द्याले आनला?"

गर्दीत कोणीतरी फिसकन हसलं. मी कासरा त्याच्या हातात दिला. त्याने तो अनोळखी बैल जवळ घेतला, त्याचा बरा झालेला खांदा चाचपला, दुसऱ्या कोणाच्या बादलीतल्या स्वच्छ गरम पाण्यात पळसाचं पान बुडवून तो शेकला आणि त्याच्या कानाशी म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

नंतर बराच वेळ कोणी पुढे आलं नाही. मग काकाजी म्हणाला, "तो दुसरा कोनासाठी हाये?"

"ज्याला लागेल त्याच्यासाठी."

"माह्या बैलाले तं काही झालं नाही," असं म्हणत त्याने आपल्या बैलावरचं पोतं ओढून काढलं. खाली चांगलीच जखम होती. "थोडंसं हाये," तो म्हणाला. "आता डॉक्टर आलेच हायेत, तं पाहून घ्या म्हनलं."

बाचा तांबडा बैल जुवाखाली पुन्हा आला नाही. संस्थेच्या आवारात राहिला. बा जमेल तेव्हा कुटार घेऊन त्याला भेटायला जायचा. आता चारा संस्था देते, आणायची सक्ती नाही, असं मी त्याला सांगून पाहिलं. "सक्तीनं कोन जाते?" तो म्हणाला.

कमिटीत मोठी खळबळ झाली. जनावरं जुवाला देणाऱ्या संस्थेत राहणार नाही म्हणून एक सभासद सोडून गेले. त्यांचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही, फक्त ते इतवारीत चालण्यासारखं नव्हतं. सेक्रेटरींनी शब्द पाळला आणि पायरी पायरीने नियम केले. बदली बैलाच्या जुवाला गादी हवीच, तापत्या दुपारी तो जुंपायचा नाही, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय मूळ बैल परत जुवाखाली जायचा नाही. पुढे दक्षिणेच्या मंडळाकडून एक अधिकारी पाहणीला आले. हौदाशी उभं राहून त्यांनी इंग्रजीत विचारलं आणि मी इंग्रजीत सांगितलं. बा शेजारी उभा होता.

"काय म्हन्ते तो?"

"म्हणतात, चांगलं काम आहे."

"मंग एवढं लंबं काहून बोलून राहिला?"

ऐंशीच्या दशकात टेम्पो आले आणि बंड्या कमी होत गेल्या. वस्तीतली पोरं टेम्पोवर गेली, काही माझ्यासारखी कॉलेजात. माणसाच्या खांद्यासाठी तसा दवाखाना आणि तशी बदली मी कुठे पाहिली नाही, आणि ठेले अजून ओढले जातात, हेही इथे लिहून ठेवतो.

बाकी जे झालं ते असं. खांदशेकणीला पोलीस कधी गेले नाहीत. आमच्या वस्तीत खांद्याला वंगण लावणं बंद झालं. जखमी बैल मालक स्वतः दवाखान्यात आणू लागले, आणि बैल बरा होईपर्यंत त्यांच्या घरची चूल पेटत राहिली. हे मी नोकरीत असताना झालं, आणि त्याची सुरुवात माझ्या बाने केली.